खोडके आणि सुमनमामीचं कपाळ

माझ्या सुमनमामीवर अन्याय झाला तो नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रस्त्यावरच्या एका पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत. करणाऱ्याचं नाव मधुकर खोडके. वेळ मी तिथल्या तिथे लिहून घेतली. चार वर्षं पत्रकं काढून मी एवढं शिकले आहे की दिवस आणि वेळ सांगता आली नाही तर लोक अन्यायाला अन्याय म्हणत नाहीत, कटकट म्हणतात.

मामी त्या खोलीत चौथ्यांदा आली होती. कामरगावच्या पलीकडच्या खेड्यातून आधी जीप, मग एसटी, मग दुसरी एसटी. डोक्यावर पदर, पदराखाली डॉक्टरांनी घालायला लावलेली जाड टोपी, आणि टोपीखाली भुवयांच्या वर, जिथे तुमचं-माझं कपाळ असतं, तिथे खड्डा. तिच्यासोबत मामा आणि मी. आणि हा खोडके तिला बसा म्हणायच्या आधी माझ्या मागे येऊन उभा राहिला, मान वाकडी करून माझ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमचं डोकं मांगून चपटं हाये. उजवीकून. लहानपणी मायनं एकाच कुशीवर निजवलं तुमाले."

मी म्हटलं, आम्ही माझ्या डोक्यासाठी आलो नाही.

"तेच त सांगून राह्यलो. तुमचं असतं त कवाच झालं असतं."

मग त्याने मामीला सांगितलं, पंधरा दिवसांनी या. चौथ्यांदा.

आता हा खोडके कोण, ते सांगते. धंदा कवळ्या बनवण्याचा. वाशीमपासून मंगरूळपीरपर्यंतच्या दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात आणि हा दात करून पाठवतो. पण दातांत त्याचा जीव नाही. त्याचा जीव डोक्यांत आहे. अपघातात, पडझडीत ज्यांच्या कवटीचा तुकडा जातो, त्यांच्यासाठी तो नवा तुकडा घडवतो. कवळीला लागतं तेच ॲक्रिलिक, फक्त गुलाबी नाही. मोठ्या शहरात हे कंपन्या करतात. आपल्याकडे खोडके करतो, लुंगी नेसून, चष्मा लावून.

वय साठीच्या पुढे. डोकं स्वतःच तासलेलं, तुळतुळीत. बोलताना तुमच्या तोंडाकडे बघणार नाही, तोंडाच्या चार बोटं वर बघेल. "तोंड खोटं बोलते, कवटी नाई," हे त्याचं रोजचं वाक्य. एसटीत तो नेहमी शेवटच्या बाकावर बसतो, कारण तिथून सगळ्यांची डोकी दिसतात. एकदा म्हणे पुढच्या सीटवर झोपलेल्या माणसाची टाळू त्याने बोटांनी मोजायला घेतली. तो माणूस जागा झाला. पुढच्या थांब्याला खोडके उतरला, म्हणजे उतरवला गेला. एका बड्या पुढाऱ्याच्या सत्काराला हा गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, भाऊ, तुमची कवटी लय पातळ हाये, सांभाळून राहा. त्या सत्कारात पुढाऱ्याबद्दल उच्चारलं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य, पण ते धाडस नव्हतं, हे लक्षात घ्या. त्याला फक्त कवटी दिसली होती. पुढारी त्याला दिसलाच नाही.

मिस्त्री म्हटलेलं त्याला चालत नाही. "मिस्त्री भिंतीले असते." डॉक्टर म्हटलेलंही चालत नाही. "डॉक्टर मोडते, मी जोडतो." मग काय म्हणायचं विचारलं तर म्हणतो, काही म्हणू नका, डोकं हलवू नका. खोलीत एका भिंतीला कवट्याच कवट्या. डोक्याच्या स्कॅनवरून यंत्रावर छापलेल्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी, नाव आणि गाव. धूळ नावाला नाही. खाली पंक्चरवाल्याकडे टायर पडलेले, वर ह्याच्याकडे आमची डोकी.

मामीचं काय झालं होतं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला माझा राग कळेल. गेल्या हिवाळ्यात मंगरूळपीरहून परत येताना ती मामाच्या मोटरसायकलवरून पडली. मागे, एका बाजूला पाय सोडून बसली होती. रस्त्यातल्या ज्या खड्ड्यावर मी दोन पत्रकं काढली होती, त्याच खड्ड्यात. मामाच्या गुडघ्याला खरचटलं. मामीच्या मेंदूला सूज आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूला जागा व्हावी म्हणून कपाळाचं हाड काढून घेतलं, आणि जीव वाचला. ते हाड पुढे परत बसवायचं होतं, पण खराब झालं, टाकावं लागलं. आता तिथे प्लेट बसवायची. प्लेट खोडके करेल, असं डॉक्टर म्हणाले.

मामी गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. पडल्यावर हेडमास्तरांनी तिला घरी बसवलं. कारण काय, तर पोरं घाबरतात. पोरं घाबरत नव्हती. पोरं तिला विचारायची, आतमधी काय हाये, दाखव ना. घाबरत होत्या त्यांच्या आया. शेवटी असं ठरलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी मामी कपाळासकट चुलीपाशी उभी असेल तर काम तिचं. नाहीतर दुसरी बाई. घर, शेत, बैल, सगळं मामाच्या नावाचं. त्या चुलीपुढे मात्र लोक तिला मामाची बायको म्हणून नाही, सुमनबाई म्हणून हाक मारायचे.

म्हणजे दिवस मोजके होते, आणि खोडके पंधरा-पंधरा दिवसांनी बोलवत होता.

का, तर त्याचं म्हणणं असं. डोक्याची एक बाजू गेली असेल तर काम सोपं. शाबूत बाजू कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखी उलटवायची आणि फुटक्या बाजूवर बसवायची. पण मामीचं मधलंच गेलेलं, दोन्हीकडून. आरसा लावायचा कुणाला? म्हणून त्याला तिचे जुने फोटो हवे होते. समोरून, बाजूने, उघड्या कपाळाचे.

मी म्हटलं, अहो, कसलंही कपाळ लावा. डॉक्टरही म्हणाले की सर्वसाधारण बाईच्या मापाचं बसवलं तरी चालेल, मेंदू झाकला गेला म्हणजे झालं.

"सर्वसाधारण डोकं कोनाचंच नसते, ताई," तो म्हणाला. "आजपर्यंत मले एकबी भेटलं नाई."

दोन वेळा मिळून तीन फोटो नेऊन झाले होते. लग्नातला फोटो नेला, तर त्यात मुंडावळ्या आणि बाशिंग. कपाळाच्या जागी मण्यांची झालर. आधार कार्डावरचा नेला, तर त्यात मामी आहे की शेजारची गंगू हे मामालाही सांगता आलं नाही. दिराच्या लग्नातला नेला, तर सगळे पाहुणे ओळीने उभे आणि मामी वाढायचं भांडं घेऊन वाकलेली, डोक्यावर पदर, फक्त हनुवटी दिसते. हनुवटी तर शाबूतच होती.

त्या चौथ्या दिवशी मामाने वैतागून आपला मोबाइलच खोडकेपुढे टाकला. घ्या, म्हणाला, यात काय असेल ते तुम्हीच शोधा. खोडकेने चष्मा वर केला आणि बोटाने फोटो सरकवत बसला. बराच वेळ. मग मोबाइल आमच्याकडे फिरवला. पोळ्याची बैलजोडी. समोरून. डावीकडून. उजवीकडून. शिंगं रंगवण्याआधी, रंगवल्यावर. वशिंडाचा वेगळा, कपाळावरच्या चांदणीचा वेगळा, जवळून.

"तुमच्या बैलाचं कपाळ फुटलं त मले सांगा, दादा," खोडके म्हणाला. "उद्या करून देतो. मापात."

मामा लाल झाला. मी उठून उभी राहिले आणि जे बोलायचं ते बोलले. बाईमाणूस फोटो काढून घेत नाही ही तिची चूक आहे का, तिला एसटीचे धक्के खायला लावून तुम्ही आमची लायकी काढता का, असं सगळं. खोडके ऐकत होता. म्हणजे माझ्या टाळूकडे बघत होता. मी थांबले तेव्हा त्याने विचारलं, घरात बाई इतकी वर्षं हाये, तिचं कपाळ कसं होतं हे तुमच्यातल्या कोनाले सांगता येते का. गोल होतं का उभं? मधात उंच का बाजूनं?

मामाने मामीकडे बघितलं. मीही बघितलं. मी लहानपणी सुट्टीत तिच्या मांडीवर झोपले आहे. आणि मला सांगता येईना.

मामी खाली बघत होती.

अर्थात मी ऐकून घेणारी नाही. परत आल्यावर मी पत्रक काढलं. मथळा: माझ्या मामीचं कपाळ कुठे आहे? खाली कवटीचं चित्र आणि जळजळीत चार परिच्छेद. मालेगावच्या बसस्थानकावर लावलं, खोडकेच्या जिन्यावर दोन लावली. आठवड्याने बसस्थानकावरचं एक पत्रक त्याच्याकडून पोस्टाने परत आलं. मजकुराला हातही लावलेला नव्हता. कवटीच्या चित्रावर मात्र लाल पेनाने बाण, आणि खाली लिहिलेलं: "ही माणसाची नाही. माकडाची आहे. पुढच्या वेळी छापण्याआधी विचारावे." माणसाचा अपमान कशाने होतो हे ज्याला कळत नाही त्याच्याशी लढायचं कसं, मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

फोटो शोधायला मी मामीच्या गावाला जाऊन बसले. घरोघरी लग्नाचे अल्बम उघडले. बायकांचे पदर, बायकांच्या पाठी, बायकांचे ताट धरलेले हात. आख्ख्या गावात मामीचं कपाळ कुणाच्या फोटोत सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची गयाबाई ओट्यावरून म्हणाली, पोट्टे, काय शोधून राह्यली तू? मी सांगितलं. ती हसली. मामीपेक्षा वीस-एक वर्षांनी मोठी, अंगठेबहाद्दर, तोंडाची फटकळ. दर रविवारी दुपारी ओट्यावर बसून ती मामीच्या डोक्यातल्या उवा बघायची, मामी लग्न होऊन आली तेव्हापासून. पदर फक्त तिथेच खाली पडायचा.

"फोटो कायले पाह्यजे," गयाबाई म्हणाली. "मले विचार ना. तिच्या कपायाले वरते दोन टेंगयं हायेत, बारीक, आन् मंधात असं खोलगट. उवा पाहाले डोकं मांडीवर घेतलं का माहा अंगठा बरोबर तिथंच बसे."

मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मालेगावला निघाले. मामीही आली. गयाबाईला जीपमध्ये दोनदा उलटी झाली आणि त्याबद्दल तिने मला, सरकारला आणि खोडकेला सारख्याच शिव्या घातल्या.

खोडकेने तिला आत घेतलं ते नाक मुरडूनच. मी त्याला फोटो आणते म्हणाले होते आणि म्हातारी घेऊन आले होते. टेबलावर मामीची छापलेली कवटी होती, भुवयांच्या वर खुली. त्या जागेत त्याने अंदाजाने मेण भरून कपाळ केलेलं. आधी असं मेणाचं करायचं, ते पटलं की त्यावरून ॲक्रिलिकचं ओतायचं, अशी त्याची रीत. गयाबाईने विचारल्याशिवाय ती कवटी उचलली, मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि दोन्ही हात फिरवले.

"हे कोनं भरलं?"

खोडके म्हणाला, मी.

"तुमी तिच्या उवा काढल्या होत्या का कवा?"

खोडकेने चष्मा काढून लुंगीला पुसला.

"हे त भोपया केला तुमी. इथं अंगठा बसाले पाह्यजे. बसून नाई राह्यला."

मला वाटलं हा आता तिला जिना दाखवतो. त्याने स्टूल ओढलं, तिच्या पुढ्यात बसला आणि मेणाची सुरी गरम करून हातात घेतली. मग दोन तास काय चाललं होतं ते सांगायला मला लाज वाटते, कारण मी पत्रकात त्याला दगडाच्या काळजाचा म्हटलं होतं. ती म्हणायची, इथून काढा. तो काढायचा. ती बोट फिरवायची, म्हणायची, लय काढलं, द्या परत. तो द्यायचा. मध्येच ती म्हणाली, तुमचा हात जड हाये, बाईच्या डोक्यावर असा हात ठेवते का कोनी. तो म्हणाला, "बरं बाई." वीज गेली, पंखा बंद झाला, दोघांना घाम फुटला, दोघंही उठले नाहीत. शेवटी गयाबाईचा अंगठा मेणावर टेकला आणि तिथे राहिला.

"हं," ती म्हणाली. "आता आली सुमन."

खोडकेने तिला हळू आवाजात विचारलं, नक्की? ती म्हणाली, मले कायले विचारता, तिले विचारा ना, तिचं हाये.

खरंच, तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. फोटो हवेत म्हणून आम्ही गाव पालथं घातलं आणि मामी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर धरून बसलेली. ती उठली. त्या मेणाच्या कपाळाकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने बोटं नाही लावली. मनगटाची मागची बाजू त्यावरून फिरवली, डावीकडून उजवीकडे, चुलीपुढे बसलेली बाई घाम पुसते तशी. एकदा. पुन्हा एकदा.

"हे माहं हाये," ती म्हणाली.

खोडके आमच्याकडे पाठ करून भांड्यात पाणी भरायला लागला. भांडं आधीच भरलेलं होतं. पाणी टेबलावरून जमिनीवर आलं तरी तो भरतच होता.

गणपती उठल्यावर अकोल्याला ऑपरेशन झालं. प्लेट पहिल्याच बैठकीला बसली, घासावी लागली नाही, असं डॉक्टर म्हणाले. केस वाढले, टाके आत जिरले. दिवाळी झाली. शाळा उघडली त्या दिवशी सकाळी मामी चुलीपाशी उभी होती आणि हेडमास्तर तिला सुमनबाई, मीठ बघा जरा, असं म्हणत होते, मधले महिने कॅलेंडरात नव्हतेच अशा थाटात. पोरांनी तिच्याभोवती कडं केलं. आता आत काही दिसत नाही म्हणून त्यांची निराशा झाली.

आणि तीन-चार दिवसांनी मामीने मला फोन करून विचारलं, त्या खोपडीवाल्याले सांगतलं का कोनी?

कुणी नाही. मामाला वाटलं मी सांगितलं असेल. मला वाटलं डॉक्टर सांगतील. माझी दोन्ही पत्रकं मात्र त्याच्या जिन्यावर अजून तशीच चिकटलेली होती, हे मला नंतर वर जाताना दिसलं.

मग आम्ही तिघी मालेगावला गेलो, मामी, गयाबाई आणि मी. खोडके एका माणसाची कवळी तपासत होता. तो माणूस भांडत होता की दात बोलताना वाजतात. तो गेल्यावर मी विचारलं, असे रोज येतात का. रोज, म्हणाला. मग मी सहज विचारलं, आणि डोक्यावाले?

"ते कायले येतील. दातवाल्याले टोचते म्हून येते. डोक्यावाल्याचं बरं होते. बऱ्या मानसाचं काय काम इकडं?" त्याने भिंतीकडे बघितलं. "डॉक्टर फोन करते, प्लेट बसली म्हून. तेवढं कयते."

मी मोजलं नाही, पण त्या भिंतीवर खूप डोकी होती. एकही परत आलेलं नव्हतं.

मामी दोन पावलं पुढे गेली. सांगायला हवं की आमच्या घरात सून परक्या पुरुषासमोर पदर पाडत नाही. मामाच्या थोरल्या भावाने आजवर तिचे केस बघितलेले नाहीत. मामीने पदर खांद्यावर घेतला आणि खोडकेंसमोर मान खाली घातली.

खोडके उठले. बेसिनवर गेले, साबणाने हात धुतले, लुंगीला पुसले, पुन्हा धुतले. परत येऊन उभे राहिले. हात पुढे होईना. एवढी डोकी घडवली, पण कातडीखाली बसलेलं, ऊब असलेलं आपलं काम त्यांनी कधी हाताने बघितलं नव्हतं. गयाबाई म्हणाली, "ठेवा ना, चावते का ते."

त्यांनी दोन बोटं ठेवली, मग चार. भुवयांपासून वर गेले, मधल्या खोलगट जागी अंगठा थांबला.

"बरोबर हाये," ते म्हणाले. मग अंगठा डावीकडे सरकला. "डावीकून कागदाएवढं जास्त झालं. माहीच चूक हाये."

चहासाठी त्यांच्याकडे कप एकच निघाला. तीन त्यांनी खालच्या पंक्चरवाल्याकडून मागून आणले. जिना उतरताना मी माझी दोन्ही पत्रकं नखांनी खरवडून काढली. एकाचा डिंक पक्का होता, कोपरे राहिलेच.

आता तुम्ही. हे वाचता वाचता कुणावर रागवायचं ते तुम्ही ठरवलं असेल, मीही ठरवलं होतं. ते राहू द्या. घरात जिच्या हातचं जेवता तिला हाक मारा, आई असो, बायको असो, सून असो. तिच्या कपाळावर हात ठेवा. ताप बघायला म्हणून नाही. कुठे उंच आहे, कुठे खोल आहे, ते नीट बघा आणि लक्षात ठेवा. ती हसेल, लाजेल, काय खूळ भरलं म्हणेल. हात काढू नका. आणि आजच करा, कारण उद्या बाजाराला ती तुमच्याच मोटरसायकलवर मागे बसणार आहे.